पश्चिमेची गॅलरी, सोलापूरचं ऊन आणि एका कुंडीतली पाच झाडं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जुळे सोलापूर भागात दुसऱ्या मजल्यावर पश्चिमेकडे तोंड असलेली गॅलरी. संक्रांतीच्या सुमारास नर्सरीतून क्रोटन, कोलियस, पिवळ्या काठाचा स्नेक प्लांट, मनी प्लांट आणि कॅलथिया आणून ती पाचही झाडं १८ इंची कुंडीत एकत्र लावलीत. फेब्रुवारीभर येणारा-जाणारा कुंडीपाशी थांबून बघत होता. मार्च सरत आला तशा कॅलथियाच्या कडा करपल्या, कोलियस दुपारी मान टाकू लागला, क्रोटनची खालची पानं गळाली आणि स्नेक प्लांट बुडातून मऊ पडला. पाणी तर रोज घालत होतात. मग चुकलं कुठे, आता एप्रिलमध्ये काय करायचं, आणि पानांच्या झाडांची अशी मिश्र कुंडी सोलापुरात टिकते तरी का?

टिकते. घरांच्या गॅलऱ्या, दवाखान्यांचे व्हरांडे, मंगल कार्यालयांच्या पायऱ्या अशा ठिकाणी मी बरीच वर्षं रंगीत पानांच्या कुंड्या लावत आले आहे. दोन-तीन उन्हाळे काढूनही भरगच्च असलेल्या मिश्र कुंड्या आपल्या गावात पुष्कळ आहेत. त्या टिकल्या, कारण एका कुंडीतली सगळी झाडं एकाच तहानेची निवडलेली होती. रंग, पानाचा आकार, उंची हे सगळं त्याच्यानंतर येतं. नर्सरीत उभं राहिलं की आपण नेमकं उलट करतो. आधी रंग जुळवतो आणि पाण्याचं घरी गेल्यावर बघू म्हणतो. थंडीत ते खपून जातं, कारण डिसेंबर-जानेवारीत कुठल्याच झाडाला फारशी तहान नसते. ऊन तापायला लागलं की ज्याची त्याची गरज उघडी पडते.

तुमचीच कुंडी घ्या. कोलियसचं पान पातळ आणि खोड रसाळ, त्यामुळे कोरड्या हवेत त्याच्यातलं पाणी भराभर उडतं. त्याला उन्हाळ्यात रोज पाणी लागतं. कॅलथियाला माती कायम ओलसर हवी आणि हवाही दमट हवी. क्रोटनची तहान मध्यम. मनी प्लांट बऱ्यापैकी जुळवून घेतो. स्नेक प्लांट मात्र पाणी पानात आणि मातीखालच्या जाड खोडात साठवून ठेवतो. एप्रिलमध्येसुद्धा त्याला आठवड्यातून एकदा पाणी पुरतं, आणि दोन पाण्यांच्या मध्ये माती पूर्ण कोरडी व्हावीच लागते. तुम्ही कोलियसकडे बघून पाणी घातलंत, त्यात स्नेक प्लांट सडला. स्नेक प्लांटकडे बघून घातलं असतं तर कोलियस चार दिवसांत गेला असता. त्या कुंडीला बरोबर पाणी घालणं कुणालाच जमलं नसतं, तेव्हा काळजी घेण्यात कमी पडलो असं मनाला लावून घेऊ नका.

आता वाचवायचं काय ते सांगते. नवी कुंडी सध्या भरायची नाही. एप्रिल-मेमध्ये मुळं मोडलेलं झाड सोलापूरच्या उन्हात पुन्हा तग धरत नाही. फक्त जे आहे ते सावरायचं.

स्नेक प्लांट आजच बाहेर काढा. मऊ, पिवळा, वास येणारा भाग कडक पांढरा गर दिसेपर्यंत कापून टाका. उरलेला तुकडा सावलीत चार-पाच दिवस तसाच सुकू द्या आणि मग वाळू मिसळलेल्या जवळजवळ कोरड्या मातीत लावा. आठवडाभर पाणी नको. नुसती पानंच वाचली असतील तर पानाचे तुकडे लावूनही मुळं फुटतात, पण त्यातून येणारा कोंब साधा हिरवा असतो. पिवळा काठ हवा असेल तर बुडखा आणि मुळं असलेला फुटवाच वेगळा काढून लावावा लागतो. नर्सरीत पिवळ्या काठाचं झाड महाग असतं त्याचं एक कारण हे आहे.

कोलियसचे चार-चार बोटांचे शेंडे खुडून पाण्याच्या ग्लासात ठेवा. आठ-दहा दिवसांत मुळं दिसतात. मग लहान कुंडीत लावून पावसापर्यंत घरातल्या उजेडाच्या खिडकीत सांभाळा. जुन्या झाडाचा लोभ सोडा. क्रोटनला आहे तिथेच राहू द्या, त्याला हलवलं की तो रुसून उरलेलीही पानं टाकतो. खोड उघडं पडलंय म्हणून आत्ता कात्री लावू नका, मृग लागल्यावर वरून एक तृतीयांश छाटा, खालून फुटवे येतील. छाटताना निघणारा चीक कातडीला लागू देऊ नका, कपड्यावर त्याचा डागही पडतो. कॅलथिया अलगद मातीच्या गड्ड्यासकट काढून छोट्या प्लॅस्टिकच्या कुंडीत घाला आणि ज्या खोलीत कुलर चालतो तिथे ठेवा. झोताच्या समोर नव्हे, बाजूच्या कोपऱ्यात. आपल्याकडे मार्च ते मे दुपारच्या हवेत ओल इतकी कमी असते की कॅलथियाला गॅलरीत जगवणं हा हट्ट होतो. माझं स्पष्ट मत विचाराल तर सोलापुरात कॅलथिया मिश्र कुंडीत घालूच नये.

या झाडांमागची आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. आपल्याकडच्या नर्सऱ्यांमध्ये पानांची पुष्कळ झाडं ट्रक भरून बाहेरून येतात, आणि त्यात आंध्रातल्या गोदावरीकाठच्या कडियम भागाचा माल बराच असतो. तिथली हवा दमट, आणि झाडं वाढतात ती शेडनेटखाली, म्हणजे सावलीच्या जाळीखाली. तिथलं लुसलुशीत पान आपल्या गॅलरीतल्या उन्हात आलं की एका दुपारीत भाजतं. म्हणून घरी आणलेलं झाड लगेच कुंडीत लावू नका. पिशवीतच दहा-पंधरा दिवस उजेडाच्या सावलीत ठेवा, मग रोज थोडं थोडं सकाळचं ऊन दाखवा. त्या मुदतीत आधीची एक-दोन पानं गळाली तरी चालेल. नवं येणारं पान आपल्या हवेतलं असतं आणि तेच पुढे टिकतं.

उन्हाचा हिशेब गॅलरीच्या दिशेप्रमाणे बदलतो, आणि सोलापुरात त्यात एक गंमत आहे. आपलं गाव साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि उगवतो-मावळतो तोही बराच उत्तरेकडे सरकून. म्हणजे जिला आपण वर्षभर सावलीची समजतो त्या उत्तरेच्या गॅलरीत मे-जूनमध्ये सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन शिरतं. डिसेंबरात तिथे सुखाने वाढलेलं अग्लोनिमासारखं सावलीचं झाड मेमध्ये करपतं ते यामुळे. याउलट दक्षिणेच्या गॅलरीत थंडीत ऊन पार आतपर्यंत येतं, पण मेमध्ये वरच्या स्लॅबमुळे ती बरीचशी सावलीत राहते. पूर्वेची गॅलरी पानांच्या झाडांसाठी सगळ्यांत भाग्याची, सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारनंतर सावली.

तुमची पश्चिमेची म्हणजे सगळ्यांत कठीण. दुपारी एकनंतर ऊन थेट अंगावर, आणि तोवर हवाही तापलेली. त्यातून कठडा आणि फरशी इतकी तापते की रात्री नऊलाही हात लावला तर कोमट लागते. अशा जागी पान भाजतं ते डोळ्यांना दिसतं, पण मूळ भाजतं ते दिसत नाही. कुंडीच्या पश्चिमेच्या भिंतीला चिकटलेली मुळं तापून मरतात, मग कुंडीत ओल असूनही झाड पाणी उचलू शकत नाही. म्हणून पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट मार्च ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत लावाच, पण त्याबरोबर कुंडीच्या अंगालाही सावली द्या. मोठ्या कुंडीच्या पुढे लहान कुंड्यांची ओळ ठेवली तरी काम होतं. काळी प्लॅस्टिकची कुंडी पश्चिमेला ठेवू नका. कुंडी फरशीवर टेकवण्याऐवजी विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर उचलून ठेवा, खालून हवा खेळली पाहिजे. १८ इंची कुंडी ओल्या मातीसकट ५० किलोच्या वर सहज जाते. दुसऱ्या मजल्याच्या पुढे आलेल्या गॅलरीत अशा कुंड्या कठड्याकडे न मांडता घराच्या भिंतीलगत ठेवाव्यात.

माती. शेतातली काळी माती फुकट मिळते म्हणून बरेच जण तीच भरतात. ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. कुंडीत आकसली की मातीचा गोळा आणि कुंडीची भिंत यांच्यात फट पडते. वरून घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली येतं, आपल्याला वाटतं पोटभर पाणी झालं, आणि मधला गोळा कोरडाच राहतो. काळी माती कुंडीत नकोच. लाल माती किंवा नदीकाठचा पोयटा, म्हणजे गाळाची माती, वापरा.

जास्त तहानेच्या झाडांसाठी मी दोन घमेली पोयटा, एक घमेलं धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक घमेलं गांडूळ खत आणि अर्धं घमेलं जाड वाळू घेते. कोकोपीट धुऊन घ्यायचं कारण त्यात मीठ असतं. कोरडवाहू, म्हणजे कमी पाण्याच्या झाडांसाठी दोन घमेली पोयट्याला दोन घमेली जाड वाळू किंवा चाळलेला मुरूम आणि एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत. दोन्हींत मूठभर निंबोळी पेंड. मुरूम घेताना त्यात पांढरी चुनखडी नाही ना ते बघा, मूठभर मुरुमावर लिंबू पिळलं आणि फेस आला तर तो मुरूम नको. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा, त्यामुळे मळीचं, म्हणजे उसाचा रस गाळताना उरणाऱ्या गाळाचं खत स्वस्तात मिळतं आणि ते चांगलंही असतं. पण पूर्ण कुजून काळं आणि थंड झालेलंच वापरा. अर्धवट कुजलेली मळी कुंडीत तापते आणि मुळं जाळते.

तळाशी खडीचा जाड थर घालण्याची सवय सोडा. निचरा त्याने सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोकळ्या खडीत सहज उतरत नाही, ते थराच्या वरच अडकून राहतं आणि मुळांना मिळणारी माती तेवढी कमी होते. भोकावर उलटं ठेवलेलं एक खापर पुरे. तसंच, वरून शोभेला पसरतात ते पांढरे संगमरवरी खडेही नकोत. संगमरवर म्हणजे चुनखडीच, आपलं बोअरचं पाणी आधीच क्षारांचं, आणि पांढरे खडे खालून पानांवर ऊन परतवतात. त्यापेक्षा शेंगांची टरफलं पसरा. शेंगाचटणीच्या गावात टरफलांना तोटा नाही. दोन बोटं जाडीचा थर दिला की मातीतली ओल चांगली टिकते. कोरडवाहू कुंडीत हा थर बुंध्यापासून थोडा दूर ठेवायचा. नवी सिमेंटची कुंडी असेल तर वापरण्याआधी आठवडाभर पाण्याने भरून ठेवा आणि पाणी दोन-तीनदा बदला, नाहीतर तिच्यातला चुना मातीत उतरतो.

आता जोड्या. एक उंच, एक मधली भर आणि एक कडेवरून झुलणारं, ही तीनाची मांडणी सगळीकडे शिकवतात आणि ती बरोबरच आहे. उंच झाड कुंडीच्या उंचीच्या साधारण दीडपट असावं. पण एवढ्याने कुंडी देखणी होत नाही. पानांच्या कुंडीत फुलं नसतात, म्हणून सगळं काम पानाच्या आकाराला आणि पोताला करावं लागतं. तलवारीसारखं उभं पान, रुंद पान आणि बारीक जाळीदार पान शेजारी आले की रंग साधे असले तरी कुंडी उठून दिसते. एकाच आकाराची पानं एकत्र केली तर रंग कितीही निराळे असोत, चार पावलांवरून त्यांचा काला दिसतो. तुमच्या कुंडीत कोलियस आणि क्रोटन शेजारी होते. दोघेही लाल-पिवळे, दोघेही पानावर नक्षी मिरवणारे. अशी दोन झाडं एकमेकांना मारतात. नक्षीचं पान कुंडीत एकच असावं, फार तर दोन, आणि त्यांच्या शेजारी साधं एकरंगी पान हवंच. नक्षीवाल्या पानातला एक रंग उचलून तोच झुलत्या झाडात पुन्हा आणला की कुंडी बांधल्यासारखी दिसते.

दुरून बघताना गडद जांभळं पान अंधारात बुडतं, सावलीच्या कोपऱ्यात तर दिसतच नाही. पोपटी आणि चंदेरी पान मात्र संध्याकाळीही लखलखतं. तुम्ही गॅलरीत संध्याकाळीच बसत असाल तर पोपटी-चंदेरी पानांवर भर द्या. शिवाय जांभळं आणि लाल पान सावलीत हिरवट पडतं. क्रोटन घरात ठेवला की नवी पानं हिरवीच येतात ती त्यामुळे. पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या पानांचं गणित वेगळं. फिक्या भागात हरितद्रव्य जवळजवळ नसतं, त्यामुळे अशी झाडं सावकाश वाढतात. त्यांना उजेड भरपूर लागतो, पण कडक ऊन लागलं तर पांढरा भाग सगळ्यांत आधी जळतो. अशा झाडावर कधी पूर्ण हिरवी फांदी आली तर ती बुडापासून काढून टाका. ती जोमाने वाढते आणि बाकी झाडाला मागे टाकते.

पश्चिमेच्या गॅलरीत मी स्वतः जी जोडी सगळ्यांत आधी सुचवते ती अशी. मागे मधोमध पिवळ्या काठाचा स्नेक प्लांट, पुढे दोन रिओ, म्हणजे वरून हिरवं आणि खालून जांभळं असं ताठ पान असलेलं, आणि पश्चिमेच्या कडेला जांभळ्या पानांचा झुलता सेटक्रेशिया. तिघांचीही तहान कमी. रिओच्या पानाखालचा जांभळा रंग सेटक्रेशियात पुन्हा येतो आणि पिवळा काठ त्यातून उठतो. सेटक्रेशिया मुद्दाम पश्चिमेच्या कडेला लावायचा, कारण तो खाली झुलला की कुंडीच्या तापणाऱ्या भिंतीवर त्याचाच पडदा होतो. ही कुंडी मातीची असू द्या आणि माती दुसऱ्या, म्हणजे कोरडवाहू मिश्रणाची. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा पाणी, तेही बोट दोन पेरं आत घालून कोरडं लागलं तरच. रिओ थोडा मलूल दिसला तर दोन भांडी पाणी त्याच्या बाजूला घाला, स्नेक प्लांटच्या बुडात नको. सेटक्रेशियाचं खोड ठिसूळ असतं, वाऱ्याने मोडलं तर मोडका तुकडा तिथेच मातीत खोचा, तो लागतो. जांभळा आवडत नसेल तर त्याच्या जागी बारीक पानांचं जेड लावा, तेही झुलतं आणि पाणी कमी मागतं.

शेडनेटमागे किंवा पूर्वेला क्रोटन घ्या, त्याच्या पायाशी बारीक पानांचा झुलता अ‍ॅस्पॅरॅगस आणि कडेला सोनेरी मनी प्लांट. क्रोटनच्या पानातला पिवळा मनी प्लांट उचलतो आणि अ‍ॅस्पॅरॅगसची बारीक हिरवी पिसं दोघांच्या मध्ये डोळ्याला विसावा देतात. अ‍ॅस्पॅरॅगसच्या मुळांना गाठी धरतात आणि दोन वर्षांत तो कुंडी बळकावतो. तेव्हा त्याचा गड्डा सुरीने अर्धा कापून बाहेर काढावा लागतो. काटेही असतात, हातमोजे घाला. घराच्या आत, खिडकीपासून थोडं दूर, साधी गडद हिरवी ड्रेसिना, तिच्या पुढे चंदेरी अग्लोनिमा आणि पोपटी सिंगोनियम. लाल-गुलाबी अग्लोनिमा दिसायला मोहक, पण त्याला चंदेरीपेक्षा जास्त उजेड लागतो, हे दुकानात कुणी सांगत नाही.

आणि तुमचा कोलियस. तो सोडायची गरज नाही, फक्त त्याला बारमाही समजू नका. १६ इंची पसरट कुंडीत कोलियस, कॅलेडियम आणि कडेला ठेंगणा अल्टरनॅन्थेरा, असं जूनमध्ये लावलं तर श्रावणापासून दिवाळीपर्यंत त्या कुंडीसारखी दुसरी शोभा नाही. गौरी-गणपतीला दारात तीच ठेवा. तिघांनाही पाणी भरपूर लागतं, त्यामुळे भांडण नाही. कोलियसला तुरा आला की लगेच खुडायचा, नाहीतर झाड रोडावतं. थंडी पडली की कॅलेडियमची पानं माना टाकतात आणि लोक झाड मेलं म्हणून फेकून देतात. ते मेलेलं नसतं, मातीखाली कंद जिवंत असतो. कंद काढून कोरड्या वाळूत ठेवा आणि उन्हाळा सरताना पुन्हा लावा.

वेगवेगळ्या तहानेची झाडं एकत्र दिसावीत अशी फारच हौस असेल तर एक मार्ग आहे. मोठ्या कुंडीत माती भरायचीच नाही. प्रत्येक झाड त्याच्या स्वतःच्या लहान प्लॅस्टिकच्या कुंडीत ठेवून त्या सगळ्या कुंड्या मोठ्या कुंडीत मांडायच्या आणि मधल्या फटी नारळाच्या काथ्याने बुजवायच्या. वरून सगळं एकच दिसतं आणि पाणी मात्र ज्याला त्याला वेगळं घालता येतं. मार्च आला की नाजूक झाड उचलून घरात न्यायचं आणि त्याच्या जागी दुसरं खोचायचं. मंगल कार्यालयांत मी हेच करते, कारण तिथे कुंडी सतत ताजी दिसावी लागते. तुमच्या १८ इंची कुंडीत ६ इंची तीन-चार कुंड्या आरामात बसतात.

पाण्याबद्दल मात्र नीट ऐका, कारण आपल्याकडे पानं बिघडतात ती निम्म्याहून अधिक वेळा पाण्यामुळेच. नळाचं पाणी काही दिवसांआड येतं, मग झाडांना बोअरचं पाणी घातलं जातं. त्यातले क्षार मातीत साठतात. कुंडीच्या काठावर आणि बाहेरच्या अंगावर पांढरा थर दिसतो तो हाच. माती अल्कधर्मी झाली की लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही, मग नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या अशी दिसतात. पानांच्या टोकांना तपकिरी करपा येतो. महिन्यातून एकदा कुंडीच्या निम्म्या मापाइतकं पाणी हळूहळू घालून खालून वाहू द्या, क्षार धुऊन जातात. कोरडवाहू कुंडीला हे पावसाळ्यात एकदाच पुरे. त्यासाठी शक्यतो नळाचं किंवा पावसाचं पाणी वापरा. सप्टेंबरात आपल्याकडे पाऊस चांगला होतो, तेव्हा गच्चीवरचं पाणी एका पिंपात झाकून साठवलंत तर अग्लोनिमा आणि कॅलथियाला पुढे बरेच दिवस पुरतं. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही क्षारमुक्त असतं, तेही चालतं.

दोन पाणी मात्र कुंडीत कधीच घालू नका. एक कुलरच्या टाकीतलं. कुलरमध्ये पाणी उडत जातं आणि क्षार मागे राहतात, त्यामुळे महिनाअखेरीला टाकीत उरलेलं पाणी मूळ पाण्यापेक्षा कितीतरी खारट असतं. दुसरं आरओच्या नळीतून बाहेर टाकलं जाणारं. ते फरशी पुसायला ठेवा. पाणी वाया जाऊ नये म्हणून भलेपणाने घातलेल्या या पाण्याने गेलेली झाडं मी फार पाहिली आहेत. उन्हाळ्यात पाणी सकाळी सातच्या आत घाला. तापलेल्या कुंडीत दुपारी पाणी घालू नका, आणि पानांवर बोअरचं पाणी फवारू नका, पांढरे डाग पडतात. धूळ बसली असेल तर ओल्या फडक्याने पुसा.

खत थोडंच. नत्र जास्त झालं की पान मोठं होतं पण रंग फिका पडतो आणि पट्टे हिरवे होतात. जून ते फेब्रुवारी महिन्याला मूठभर गांडूळ खत पुरे, एप्रिल-मेमध्ये काहीच नाही. कोरड्या दिवसांत क्रोटनच्या पानाखाली लाल कोळी (ही बारीक कीड) येतो. पान वरून धुळकट, ठिपके पडल्यासारखं दिसलं की उलटून बघा. रोज सकाळी पानांच्या खालच्या बाजूने साध्या पाण्याचा जोरदार फवारा मारला, पानं नंतर पुसली, आणि आठवड्यातून एकदा संध्याकाळी लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल व दोन थेंब भांड्याचा साबण मिसळून फवारला की तो आटोक्यात येतो. पिठ्या ढेकणालाही, म्हणजे पांढऱ्या कापसासारख्या किडीलाही, हाच उपाय. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर अग्लोनिमा, सिंगोनियम, मनी प्लांट, कॅलेडियम, डफनबेकिया यांची कुंडी उंचावर ठेवा. यांच्या पानात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. पान चावलं तर तोंडाची आग होते आणि सूज येते.

नव्या कुंडीची खरेदी मृग लागून एक-दोन पाऊस झाल्यावर करा. नर्सरीत पिशवी उचलून खालून बघा. मुळं भोकातून बाहेर येऊन गुंडाळलेली असतील तर ते झाड जुनं आहे, आणि पिशवी हलवल्यावर खोड सैल हलत असेल तर ते परवाच भरलेलं आहे. दोन्ही नको. लावण्याच्या आदल्या रात्री पिशवीत पाणी घाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लावा, झाडांमध्ये मुठीएवढं अंतर ठेवा आणि वर दोन बोटं जागा पाण्यासाठी मोकळी सोडा. पहिले पंधरा दिवस कुंडी विरळ वाटेल. ती दिवाळीपर्यंत आपोआप भरते, म्हणून आणखी एक झाड मध्ये खोचू नका.